लागू नसेल ते खोडावे

हरितद्रव्य सरांना झाडं ओळखता येत नाहीत, ही गोष्ट शाळेत फक्त दोघांना ठाऊक होती. एक स्वतः सर आणि दुसरे शिपाईमामा. शिपाईमामांनी ती कुणाला सांगितली नव्हती, कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सरांनी तर ती स्वतःलाही फारशी सांगितली नव्हती.

सव्वीस वर्षं सर विज्ञान शिकवत होते. पानाचा आडवा छेद ते डोळे मिटून फळ्यावर काढत, आणि पर्णरंध्रं अशी हुबेहूब की मागच्या बाकावर बसलेल्याला गार वारा लागावा. धडा कुठलाही असो, चुंबकाचा का असेना, तास संपता संपता गाडी हरितद्रव्यावर यायचीच. म्हणून पोरांनी हे नाव ठेवलेलं. सरांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. पण ही सगळी विद्वत्ता फळ्यावरच्या झाडापुरती. रस्त्यावरचं झाड समोर आलं की सर चष्मा पुसायला घेत आणि गंभीर आवाजात म्हणत, "हा एक वृक्ष आहे." यात कुणाला चूक काढता येत नसे.

अशा माणसाच्या गळ्यात ते परिपत्रक पडलं. विद्यार्थ्यांना निसर्गाचा प्रत्यक्ष परिचय व्हावा यासाठी त्यांच्या हस्ते देशी झाडे लावून घ्यावीत, असं त्यात लिहिलं होतं. मुख्याध्यापिका बाईंनी ते वाचून मान वर केली, तेव्हा दारात सर उभे होते. ते बिचारे खडू मागायला आले होते.

"सर, तुमच्या सहावीत मुलं किती?"

"एकवीस."

"एकवीस झाडं! बघा, किती छान जमतंय," बाई म्हणाल्या. काय जमलं ते सरांना कळलं नाही, पण ते खडू न घेताच परतले.

दुसऱ्या दिवशी वर्गात पहिलाच प्रश्न आला तो शंकासूरकडून. शंकासूर ही अकरा वर्षांची, दोन वेण्यांची मुलगी. तिला इतक्या शंका येत की शिक्षकखोलीत तिचं हेच नाव पडलं होतं. "सर, देशी झाड म्हणजे काय?"

"जे आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या वाढत आलंय ते."

"किती पिढ्या, सर?"

सरांनी चष्मा पुसला आणि त्या संध्याकाळी वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक घरी आणलं. त्यात निघालं भलतंच. गुलमोहर समुद्रापलीकडून आलेला. चिंच तर दुसऱ्या खंडातली. सरांनी ही बातमी स्वयंपाकघरात नेऊन सांगितली. सरांच्या पत्नीने हातातली पळी खाली ठेवली.

"माझ्या माहेरी अंगणात चिंच आहे. माझ्या पणजीच्या आधीपासून आहे. आणि तुमचं पुस्तक तिला परकी म्हणतं? तुम्ही या घरात येऊन किती वर्षं झाली, ते जरा मोजा आधी."

खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. निवृत्तीला दहा वर्षं झाली तरी बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी शिक्का मारल्यासारखी मूठ टेबलावर आपटायची त्यांची सवय गेली नव्हती. "देशीबिशी सोडा हो, पटकन वाढेल ते लावा!" धप्प. "आणि खड्ड्यात मीठ घाला!" धप्प. मीठ कशाला, असं सरांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ते तुम्ही सांगायचं, विज्ञान तुमचं!" धप्प.

बिया गोळा करायला वर्ग बाहेर न्यायचा ठरला. शेवटी लाज गिळून त्यांनी शिपाईमामांशी करार केला. करंज दिसला की मामांनी एकदा खोकायचं, जांभूळ दिसली की दोनदा, कडुलिंब असेल तर तीनदा. पहिली तीन झाडं झकास पार पडली. सर असे धडाधड नावं सांगत गेले की पोरं तोंडात बोटं घालायचीच बाकी राहिली. घात झाला तो पुढे. शिपाईमामांना त्या दिवशी खरोखरच सर्दी झाली होती. चौकापासून शाळेपर्यंत ते सलग खोकत आले, आणि वाटेत सरांनी एका कुंपणाला, एका वेलीला आणि पत्र्याच्या एका शेडला कडुलिंब ठरवलं.

"सर," शंकासूर म्हणाली, "मामा खोकले की तुम्हाला झाडाचं नाव आठवतं का?"

"खोकला हा वेगळा धडा आहे," सर म्हणाले.

बिया मात्र मिळाल्या. दुधाच्या एकवीस रिकाम्या पिशव्यांत माती भरून त्या पेरल्या आणि प्रत्येक पिशवीवर एकेकाचा हजेरी क्रमांक लिहिला. शाळेत ठेवल्या असत्या तर सुट्टीच्या दिवशी पाणी कोण घालणार? म्हणून सगळ्या पिशव्या सरांच्या गॅलरीत आल्या. पाळीपाळीने दोघं-दोघं येऊन पाणी घालायचे, ते गेल्यावर सर पुन्हा घालायचे, आणि ते सगळं पाणी खाली पोस्टमास्तरांच्या वर्तमानपत्रावर ठिबकायचं. पोस्टमास्तर वर बघून म्हणायचे, "मीठ घातलं का?"

हळूहळू सरांना त्या पिशव्यांचं वेड लागलं. सकाळी उठले की चहाच्या आधी गॅलरीत जाऊन ते हजेरी घ्यायचे. एक, दोन, तीन. "हजर म्हणतात का?" पत्नी आतून विचारायची. पण चौदा नंबर काही उगवेना. चौदा नंबर म्हणजे शंकासूर. ती आपल्या पाळीला यायची आणि बी उकरून बघायची. सर म्हणायचे, "अगं, उकरलंस तर उगवणार कसं?" त्यावर ती म्हणायची, "उकरलं नाही तर कळणार कसं?" आणि हा वैज्ञानिक दृष्टिकोन आपणच शिकवलेला असल्यामुळे सरांना ते बी नुसतं पुन्हा मातीत दाबावं लागायचं. सगळ्यांची चार-चार पानं झाल्यावर एके दिवशी चौदा नंबरात जांभळाचा लालसर कोंब दिसला. सरांनी त्या दिवशी शाळेला निघायला उशीर केला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

आता जागेचं बघायचं. शाळेच्या आवारात सायकली ठेवून जेमतेम माणसं मावत. पण कुंपणभिंतीच्या बाहेर रस्त्याच्या कडेने मातीचा एक लांब पट्टा होता आणि तो उद्यान खात्याच्या ताब्यात होता. शिपाईमामांनी बातमी आणली की महिनाअखेरीला त्या पट्ट्यावर फरशा बसणार आहेत. तोवर झाडं लागली तर फरशीवाले त्यांच्याभोवती आळं सोडतील. नाहीतर सगळं एकदा गुळगुळीत झालं की त्यावर गाड्या उभ्या राहतील, आणि पोरांनी आपली झाडं डोक्यावर घेऊन फिरावं.

सर तडक उद्यान खात्यात गेले. खिडकीमागे एक सज्जन कारकून होते. खातं झाडांचं असलं तरी खोलीत हिरवं म्हणून काही असेल तर तो टेबलावरचा कापडी आच्छादनाचा तुकडा. त्यांनी एक अर्ज पुढे सरकवला. सरांनी तो तिथेच उभ्या उभ्या भरला. नाव, पत्ता, झाडांची संख्या, जागेचा नकाशा. शेवटी बारीक अक्षरांत छापलं होतं: झाड लावणे / तोडणे (लागू नसेल ते खोडावे).

आता इथे सरांची बाजूही समजून घेतली पाहिजे. ज्या माणसाने सव्वीस वर्षं 'योग्य पर्यायाखाली रेघ ओढा' असे प्रश्न काढले, तपासले आणि चुकलेल्यांना भोपळे वाटले, त्याच्यापुढे दोन पर्याय आले की त्याचा हात आपोआप काय करणार? सरांनी खिशातली छोटी पट्टी काढली आणि 'लावणे' या शब्दाखाली एक सुंदर, सरळ रेघ ओढली. छपाई इतकी दाट होती की रेघ शब्दाच्या पायातून गेली. पण ती सुंदर होती यात वाद नाही. कारकुनांनीही मान डोलावली. "अर्ज असा नीटनेटका हवा," ते म्हणाले.

चार दिवसांत परवानगी आली! सरकारी कागद चार दिवसांत आल्याचं ऐकून पोस्टमास्तर टपाल खात्याच्या आठवणीने हळवे झाले. पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या अर्जात नमूद केलेल्या कामास एकवीस झाडांपुरती परवानगी देण्यात येत आहे. सदर काम खात्याची माणसे व साहित्य यांद्वारे पार पाडण्यात येईल.'

"माणसं आणि साहित्यसुद्धा!" सर पत्नीला म्हणाले. "आपण उगीच सरकारला नावं ठेवतो."

ठरलेल्या सकाळी पोरं आपापली पिशवी कुशीत घेऊन भिंतीबाहेर रांगेत उभी राहिली. खात्याचा ट्रक आला. त्यातून एक मुकादम, चार माणसं, दोरखंड आणि एक भलीमोठी शिडी उतरली. "शिडी कशाला, सर?" शंकासूरने विचारलं. सर कौतुकाने म्हणाले, "याला दूरदृष्टी म्हणतात. झाडं पुढे मोठी होणारच की." मग ट्रकमधून मोटारीवर चालणारी करवत उतरली आणि सरांची दूरदृष्टी जरा डगमगली.

मुकादमाने पट्ट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. "झाडं कुठायत?"

"ही काय," सरांनी रांगेकडे हात केला.

मुकादमाने पहिल्या मुलाच्या हातातलं वीतभर रोप पाहिलं, मग करवतीकडे पाहिलं, मग आपल्या माणसांकडे पाहिलं. "मास्तर, एवढ्यासाठी करवत कशाला? हे तर पोरंसुद्धा उपटतील."

"उपटतील? अहो, लावायचीत ती!"

"इथं तर तोडायची लिहिलंय." त्याने कागद पुढे केला. अर्जाची प्रत सोबत जोडलेली होती. 'लावणे' या शब्दाच्या पायातून सरांची ती सुंदर रेघ गेली होती. 'तोडणे' त्याच्या शेजारी धडधाकट उभं होतं.

शंकासूरने टाचा उंचावून कागद वाचला. "सर, इथं खोडावे असं आहे. तुम्ही रेघ ओढलीत."

एकही पोरगं हसलं नाही. हसली असती तर सरांनी रागावून तरी घेतलं असतं. ती एकवीस तोंडं नुसती त्यांच्याकडे बघत होती, आणि सरांना अशी लाज वाटली की जमीन दुभंगली तर बरं, निदान एक खड्डा तरी होईल. "मी प्रश्न नीट वाचला नाही," ते अखेर म्हणाले. "माझं चुकलं. मला शून्य." पोरांनी पिशव्या पुन्हा कुशीत घट्ट धरल्या.

मुकादम मनाने चांगला माणूस. या भल्या मास्तरला त्रास नको म्हणून त्याने अहवालात लिहिलं, 'जागेवर झाडे आढळली नाहीत,' आणि ट्रक घेऊन गेला. पण चांगल्या माणसांनी केलेली मदत सरकारी कागदावर उतरली की तिचं काय होईल ते सांगता येत नाही. तीन दिवसांनी सरांना नोटीस आली. एकवीस झाडे तोडण्याची परवानगी आपण मागितली. म्हणजे झाडे होती. आमची माणसे आली तेव्हा झाडे नव्हती. म्हणजे ती आपण परस्पर तोडली. तरी खुलासा करावा.

सर धावत खिडकीपाशी गेले. "अहो, तिथं झाडं नव्हतीच कधी!"

"मग तोडायला परवानगी कशाला मागितलीत?" कारकुनांनी शांतपणे विचारलं.

"मी लावायला मागितली होती."

"लावणे तर तुम्ही स्वतःच खोडलंत. आणि किती नीट खोडलंत!"

तासभर सर रेघेविषयी बोलत राहिले. कारकुनांनी सगळं ऐकून घेतलं, पाणीही दिलं. मग दोन वाटा सांगितल्या. आरोप नाकारायचा तर सुनावणी लागेल, तिला सहा-आठ महिने जातील, आणि तोवर त्या जागेवर काही लावता येणार नाही. फरशांचं काम मात्र दुसऱ्या खात्याचं असल्यामुळे थांबणार नाही. दुसरी वाट गुन्हा कबूल करण्याची. तसं केलं तर नियमाप्रमाणे तोडलेल्या प्रत्येक झाडामागे एक झाड त्याच जागी लावण्याची शिक्षा होते, आणि ती आठ दिवसांत भोगावीच लागते. "शिक्षेच्या झाडांना फरशीवालेसुद्धा हात लावू शकत नाहीत," कारकून अभिमानाने म्हणाले. फक्त कबुलीजबाब पंधरा दिवस जागेजवळ सर्वांना दिसेल असा लावावा लागतो. जागेजवळ म्हणजे शाळेच्या फाटकावर.

कबुलीचा कागद घेऊन सर घरी आले. पत्नीने तो वाचला. 'मी खाली सही करणार असे लिहून देतो की एकवीस झाडे मी विनापरवाना तोडली.' ती खुर्चीत बसली. "सव्वीस वर्षांत शाळेचा एक खडू घरी आणला नाहीत. आणि आता एकवीस झाडं? मी माहेरी काय सांगू? आधीच तिथं चिंचेवरून तुमच्याबद्दल मत बरं नाही."

पोस्टमास्तर वर आले आणि त्यांनी टेबल बडवून सांगितलं की लढायचं, वरपर्यंत जायचं. एका दुपारीत त्यांनी सात पानी मसुदा लिहून आणला. त्यात सरांना चार वेळा 'निष्कलंक' म्हटलं होतं. सरांनी तो दोनदा वाचला, आणि खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटलं. साध्या माणसाकडे दुसरं असतं काय? ना बंगला ना गाडी. नाव तेवढं असतं, आणि तेही कुणी चिखलात टाकलं तर धुवायला सात पानं लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हजेरी घ्यायला गॅलरीत गेले. चौदा नंबरची पिशवी उचलायला गेले तर ती फरशीला चिकटलेली. मूळ पिशवी फाडून बाहेर आलं होतं. फरशीत शिरायला वाट नव्हती, म्हणून ते बिचारं आपल्याच पिशवीभोवती फिरून आलं होतं. सरांनी बाकीच्या पिशव्या बघितल्या. सात-आठांची हीच गत. हा धडा सरांनी शिकवलेला होता. अशा गुंडाळलेल्या मुळांचं रोप पुढे तग धरत नाही. फळ्यावर त्याची आकृती काढताना त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आज ते तिथेच फरशीवर बसले. सहा-आठ महिने? निष्कलंक होऊन बाहेर येईपर्यंत एकवीस पिशव्या वाळलेल्या असतील, आणि 'सर, आपण झाडं कधी लावायची' हा प्रश्न घेऊन पोरं सातवीत गेलेली असतील.

"मी सही करतो," ते आत येऊन म्हणाले.

पत्नीने कागद त्यांच्यापुढे ठेवला. मग तिने पेन आणून दिलं. "चष्मा लावून करा," ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस सर कसे जगले ते त्यांनाच ठाऊक. फाटकावर कागद लागला आणि शाळेत शिरणारं प्रत्येक माणूस तो वाचू लागलं. भाजीवाली म्हणाली, "सर, तुमच्याकडे बघून वाटत नाही हो." न्हाव्याच्या दुकानात सर शिरले की गप्पा बंद व्हायच्या आणि कात्रीचा आवाज मोठा यायचा. मुख्याध्यापिका बाईंनी बोलावून सांगितलं, "शाळेचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण कागदावर शाळेचं नाव नाहीये ना? मग ठीक." पोस्टमास्तर आपला मसुदा वाया गेला म्हणून रुसले होते. तरी शेजारधर्म म्हणून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सरांची बाजू मांडत. "माणूस वाईट नाही हो, रागाच्या भरात झालं असेल!" धप्प. सर मान खाली घालून शाळेत जात आणि मान खाली घालून परत येत.

शिक्षेचा दिवस उजाडला. पोरं पुन्हा पिशव्या घेऊन भिंतीबाहेर उभी. या खेपेला खात्याचे तपासनीस साहेब जातीने आले. किडकिडीत, इस्त्रीचे कपडे, हातात मोजपट्टी आणि जाड वही. त्यांनी पट्ट्याभोवती चुन्याची रेषा मारून घेतली आणि आदेश वाचून दाखवला. शेवटच्या ओळीला सरांच्या हातातली कुदळ खाली आली. 'सदर झाडे दोषी व्यक्तीने स्वहस्ते लावावीत. अन्य कोणाचीही मदत घेतल्यास शिक्षा ग्राह्य धरली जाणार नाही.'

"म्हणजे मुलांनी..." सर म्हणाले.

"रेषेच्या बाहेर," साहेब म्हणाले.

"अहो, पण झाडं त्यांची आहेत. चार महिने वाढवलीत त्यांनी. ह्या सगळ्याचा हेतूच..."

"हेतूचा रकाना नाही," साहेबांनी वही दाखवली. खरंच नव्हता.

पोरांनी एकेक पिशवी रेषेच्या आत ठेवली आणि मागे सरकली. काहींचे डोळे भरून आले होते. सरांनी कुदळ उचलली. चोपन्न वर्षांचा माणूस, आयुष्यात खडूपेक्षा जड काही उचललेलं नाही. चौथ्या घावाला कंबर धरली. दहाव्या घावाला चष्मा खड्ड्यात पडला. पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन रेषेशी उभी होती, तिलाही साहेबांनी आत येऊ दिलं नाही. अर्धा खड्डा झाला होता, साडेवीस उरले होते. सर कुदळीवर रेलून उभे राहिले. आपण नाव घालवलं, अब्रू घालवली, आणि ज्यांच्यासाठी घालवली ती पोरं अशी बाहेर उभी राहून बघतायत, हे त्यांना सहन होईना. त्यांनी पोरांकडे पाठ फिरवली.

"साहेब," मागून शंकासूरचा आवाज आला. "एक झाड मी तोडलं होतं."

साहेबांनी वही उघडण्याआधी तिच्याकडे नीट बघितलं. "काय?"

"त्या एकविसातलं एक. सरांनी नाही तोडलं, मी तोडलं. मी कबूल करते."

सर गर्रकन वळले. "काहीतरी बोलू नकोस!"

"आपण मधे बोलू नका," साहेब सरांना म्हणाले. कबुली नाकारण्याचाही रकाना वहीत नव्हता. त्यांनी पेन काढलं. "वय?"

"अकरा."

"हत्यार?"

शंकासूरने क्षणभर विचार केला. "कंपासपेटीतली पट्टी."

"पट्टीनं झाड तोडलंस?"

"खूप दिवस लागले," ती म्हणाली.

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहिलं आणि रेषेच्या आत बोट दाखवलं. तिने आत उडी मारली. मग रांगेतून दुसरा आवाज आला, "मीपण एक तोडलं, साहेब." मग तिसरा. मग सगळे एकदम ओरडायला लागले आणि साहेबांना त्यांना हजेरी क्रमांकाने उभं करावं लागलं. कुणी विळीने तोडलं होतं, कुणी दाताने, एकाने नुसतं ढकललं होतं. एकाने सांगितलं की त्याला झाड तोडायचं नव्हतं पण ते अंगावर आलं. साहेब प्रत्येकाचं मान खाली घालून लिहीत होते. मुख्याध्यापिका बाई खिडकीत आल्या होत्या आणि कपाळाला हात लावून उभ्या होत्या. सर गुन्हेगारांच्या त्या गर्दीत नाक शिंकरत होते आणि कुणी बघितलंच तर धूळ गेली असं सांगत होते.

एकविसावा कबुलीजबाब झाला. साहेबांनी पानावर बोट फिरवत मोजणी केली. पुन्हा एकदा केली.

"एकवीस झाडं, एकवीस दोषी. हिशेब पुरा झाला." त्यांनी सरांकडे पाहिलं. "मास्तर, तुमच्या नावावर काहीच उरत नाही. तुम्ही निर्दोष आहात."

हाच शब्द ऐकण्यासाठी सर पंधरवडाभर तळमळत होते. आता तो कानावर पडला आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"मग मी?"

"रेषेच्या बाहेर," साहेब म्हणाले.

सरांनी कुदळ शंकासूरच्या हातात दिली. तिच्या पिशवीभोवतीचं ते फिरून आलेलं मूळ त्यांनी हलक्या हाताने सुटं केलं आणि सांगितलं की मुळं सरळ सोड, कोंबाला धक्का लावू नकोस, माती दाबताना पाय देऊ नकोस. मग ते चुन्याची रेषा ओलांडून पत्नीशेजारी जाऊन उभे राहिले. निर्दोष माणसासारखे दिसत नव्हते ते.

शंकासूरने त्यांच्याकडे बघितलं. मग कुदळीकडे, जी तिच्या खांद्याइतकी उंच होती. मग ती साहेबांकडे गेली.

"साहेब, माझ्या कबुलीत एक सांगायचं राहिलं."

"काय?"

"एवढं मोठं झाड मी एकटीनं कसं पाडलं असतं? दुसऱ्या बाजूनं सरांनी धरलं होतं."

साहेबांनी वही पुन्हा उघडली, तिच्या नावापुढे 'व एक साथीदार' असं लिहिलं, आणि पेनाच्या टोकाने सरांना आत यायची खूण केली.